गालापागोसला जमतं, मग आपल्या जंगलात का नाही?

मा. संपादक, स.न.वि.वि.

नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ ला टुरिस्टांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे, आणि नंतर मुलीबरोबर इक्वाडोरच्या गालापागोस बेटांची क्रूझ केली तेव्हा तर फारच जाणवलं म्हणून लिहितोय.

फर्नांदिना हे तिथलं सगळ्यात तरुण बेट, ज्वालामुखी अजून जिवंत, २०२४ च्या मार्चमध्येच उद्रेक झालेला. सकाळी छोट्या बोटीतून काळ्या लाव्ह्यावर उतरलो तर पाय कुठे ठेवायचा कळेना, इतके समुद्री इग्वाना (मोठ्या सरड्यासारखे प्राणी) एकमेकांवर पसरून ऊन खात पडलेले! समुद्रात बुडी मारून शेवाळ खातात आणि पोटात गेलेलं जादा मीठ नाकातून फुर्रकन शिंकरून टाकतात. पुढे न उडणारा पाणकावळा, पंख अगदी तोकडे, हा पक्षी जगात फक्त फर्नांदिना आणि शेजारच्या इसाबेलावरच आहे. नर चोचीत समुद्री शेवाळ घेऊन आला आणि मादीने ते घेऊन घरट्यात नीट लावलं, आम्ही बघत होतो त्याचं दोघांनाही काही नाही. दुपारी बोटीतून पेंग्विन दिसले, तेही विषुववृत्ताजवळ, कारण खोल समुद्रातलं थंड पाणी तिथे वर येतं आणि मासळी भरपूर मिळते.

पण सांगायचंय ते वेगळंच. तिथल्या नॅशनल पार्कच्या परवानाधारक गाइडशिवाय बेटावर उतरताच येत नाही, एका गाइडमागे ठरावीकच माणसं, प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं, आखलेली वाट सोडायची नाही. सी लायनचं पिल्लू स्वतःहून आमच्याकडे यायला लागलं तर गाइडने आम्हालाच मागे सरकवलं, आणि सगळे गपचूप सरकले, कारण तिथे गाइडचा शब्द शेवटचा.

आपल्याकडचे गाइड जंगल कमी ओळखतात असं अजिबात नाही, उलट पगमार्क (पंजांचे ठसे) आणि कॉल (वाघ दिसल्यावर इतर प्राणी देतात ती धोक्याची हाक) यावरून वाघ कुठे असेल ते सांगणारी ही गावातली पोरं. पण गाडीतले लोक "अजून पुढे घ्या" म्हणाले की टिपवर घर चालणारा माणूस नाही कसा म्हणणार? त्याला आधी नीट पगार द्या, आणि कोणी ऐकलं नाही तर सफारी तिथेच थांबवून गाडी गेटवर परत न्यायचा अधिकार लेखी द्या. वनखात्याने पुढच्या सीझनच्या आधी एवढं करावं ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, डोंबिवली