आम्हाला एकदाच विचारलं गेलं, मंत्रिमहोदय

प्रति,
माननीय केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठाला आमचं सहा एकर वावर आहे. उत्तरेच्या धुऱ्यावर उभं राहिलं की पूर्वी गावातल्या मारुतीचा कळस दिसायचा. आता ओबीचा डोंगर दिसतो. ओबी म्हणजे कोळशाच्या थरावरची माती, मुरूम आणि दगड. आमच्याकडच्या खुल्या खाणींत एक टन कोळशासाठी चार-पाच घनमीटर ओबी उपसावी लागते. ती कुठे तरी टाकावीच लागते, आणि ते 'कुठे तरी' आमच्या धुऱ्याला लागून आहे.

खाणीचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की पत्र 'योग्य कार्यवाहीसाठी' त्याच कंपनीकडे जातं आणि तिचाच खुलासा आम्हाला उत्तर म्हणून मिळतो. हे दोनदा झालंय. शिवाय माझं म्हणणं परवानग्यांच्या पद्धतीबद्दल आहे, आणि ती पद्धत आपल्या हातात आहे.

खाणीला पर्यावरण परवानगी देण्याआधीची जनसुनावणी आमच्याकडे एकदाच झाली. मांडव होता, लाल खुर्च्या होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या. आपल्या मंत्रालयाची २००६ ची अधिसूचना मी त्यासाठी वाचून गेलो होतो. तीस दिवस आधी जाहिरात द्यायची, अध्यक्ष अपर जिल्हाधिकाऱ्याच्या खालचा नको, चित्रीकरण करायचं, इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं. सगळं चांगलं लिहिलंय. एक ओळ मात्र मला तेव्हा खटकली आणि अजून खटकते : या सुनावणीला गणपूर्तीची गरज नाही. आमच्या ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार लागतात, नाही आले तर सभा तहकूब होते, मग विषय एका हातपंपाचा का असेना. नदीकाठची शेकडो हेक्टर जमीन खणायची तर समोर दोन माणसं बसलेली असली तरी चालतं.

मी उठून विचारलं, गावाचा नाला खाणीच्या हद्दीत येतो, त्याचं काय? सल्लागार कंपनीच्या तरुणाने पडद्यावर लाल ठिपका फिरवला आणि म्हणाला, "नाला वळता करू, काका." केला. नकाशावर आखला तसाच, काटकोनात. जुलै २०२२ मध्ये वर्धा आणि इरई या नद्या चढल्या तेव्हा त्या काटकोनातून पाणी थेट आमच्या सोयाबीनमध्ये घुसलं. तो पूर सगळ्या चंद्रपूरने पाहिला आहे. इरईच्या काठाने ओबीचे ढिगारे कसे उभे आहेत ते पाहायला अभ्यास समिती लागत नाही, पुलावरून जाताना एसटीच्या खिडकीतून दिसतं.

पण एकदा का होईना, विचारलं तरी होतं. त्यानंतर खाणीची क्षमता वाढली आणि कोणी विचारलं नाही. का, ते शोधताना मला आपल्या मंत्रालयाची कार्यालयीन परिपत्रकं सापडली. चालू कोळसा खाणींना २०१७ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत वाढ नव्या जनसुनावणीशिवाय, काही अटींवर. मग मे २०२२ मध्ये, कोळशाची टंचाई आहे म्हणून, तीच मर्यादा ५० टक्के. मुदत सहा महिन्यांची होती हे मान्य, पण सहा महिन्यांत दिलेली परवानगी सहा महिन्यांनी विरत नाही. खाणीची हद्द तीच आहे ना, मग गावाला पुन्हा काय विचारायचं, असा यामागचा हिशोब आहे. साहेब, हद्द तीच राहिली तरी दीडपट कोळसा काढायचा म्हणजे ब्लास्टिंग वाढणार, हायवा गाड्या (कोळशाचे डंपर) वाढणार, ढिगारा उंच होणार. दुपारी भोंगा वाजला की आमची आई फडताळातल्या स्टीलच्या ताटांवर हात ठेवते. पूर्वी तिला हे दिवसातून एकदा करावं लागायचं.

धूळ कशी असते ते सांगतो. पऱ्हाटीचं बोंड फुटतं तेव्हा कापूस पांढरा असतो. दोन दिवस वेचायला उशीर झाला की त्यावर राखाडी साय धरते. वेचणाऱ्या बायांची बोटं संध्याकाळी काळी असतात. जिनिंगवर व्यापारी मूठभर कापूस उचलतो, नाकाशी नेतो, "खाणीकडचा आहे का?" विचारतो आणि भाव पाडतो. ही घट कुठल्याच पर्यावरण अहवालात नसते, कारण अहवालात शेत म्हणजे 'कोअर झोनबाहेरील क्षेत्र', म्हणजे खाणीच्या हद्दीबाहेरचं.

अटी तर आहेतच. वरची सुपीक माती वेगळी साठवा, रस्त्यावर पाणी मारा, ढिगाऱ्यावर झाडं लावा. पाळल्याचा अहवाल दर १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा. मी एक अहवाल मिळवला. इंग्रजीत, प्रत्येक अटीसमोर 'कंप्लाइड', म्हणजे अट पाळली. पाण्याचा टँकर येतो हे खरं आहे. अधिकारी यायचा असला की दोनदा येतो. आमची काळी माती मात्र ढिगाऱ्याच्या तळाशी गेली आणि वर पांढरट मुरूम आला. त्यावर वेडी बाभूळ सोडून काही उगवत नाही. त्या बाभळीत आता वाघ राहतो.

वाघावरून आठवलं. ताडोब्याजवळचा लोहाऱ्याचा खाण प्रस्ताव आपल्याच मंत्रालयाने रोखला होता. चिमूरकडचा 'बंदर' नावाचा कोळसा पट्टा २०२० मध्ये लिलावातून वगळला गेला. दोन्ही वेळा आम्हाला आनंद झाला. नाही म्हणता येतं, हे त्यातून कळलं. आमचा वाघ चुकीच्या ठिकाणी राहतो, एवढंच.

कोळसा नकोच, असं मी म्हणत नाही. माझ्या घरचा पंखा चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्रावरच फिरतो (शेतीपंपाला वीज रात्रीची मिळते, तो वेगळा विषय). आणि २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या मोजणीत चंद्रपूर प्रदूषणात ८३.८८ गुण घेऊन देशात चौथं आलं होतं, हे आपल्याला मी सांगायला नको.

मागणं असं आहे. क्षमता पाच टक्क्यांनी वाढो की पन्नास, जनसुनावणीशिवाय वाढ देऊ नका. वाढ मागणाऱ्या खाणीने आधीच्या अटी पाळल्या की नाही, ते ग्रामसभेसमोर, ढिगाऱ्यावर उभं राहून तपासा. सहामाही अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागू द्या. नदी आणि नाल्याच्या पूररेषेत टाकलेली ओबी आधी उचला आणि खणून झालेल्या खड्ड्यात भरा, मगच पुढच्या टनाची परवानगी. आणि सुनावणीला गणपूर्ती असू द्या, आमच्या ग्रामसभेइतकी तरी.

सुनावणी लावलीत तर एक विनंती. ती नोव्हेंबरात ठेवू नका. तेव्हा कापसाचा वेचा असतो, मांडवात खुर्च्या रिकाम्या राहतील आणि इतिवृत्तात 'हरकत नाही' असं लिहिलं जाईल. पोळ्यानंतरची, वेचा सुरू होण्याआधीची कुठलीही तारीख चालेल.

आपला,
वर्धा नदीकाठचा एक शेतकरी,
जिल्हा चंद्रपूर