बापाला कोणीच कसं विचारत नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला जन्मजात जुळलेल्या बोटांवरचा लेख वाचला. शस्त्रक्रियेची माहिती बरीचशी बरोबर आहे. पण शेवटच्या ओळीपाशी अडलो. ‘गरोदरपणात मातेने योग्य काळजी घेतल्यास असे दोष टाळता येतात,’ असं लेखक ठोकून देतात. माझ्या मुलीला अपर्ट सिंड्रोम आहे, म्हणजे बोटं जुळलेली असण्याचा आणि कवटीचे सांधे वेळेआधी मिटण्याचा जन्मजात विकार. हे वाक्य माझी बायको गेली नऊ वर्षं ऐकतेय, कुणाकडून कुजबुजीत, कुणाकडून तोंडावर. काय खाल्लंस, काय उचललंस, कुठलं औषध घेतलंस. मला आजवर एकानेही काही विचारलेलं नाही.

खरं तर मलाच विचारायला हवं होतं. अपर्टमध्ये दहाव्या गुणसूत्रावरच्या एफजीएफआर२ नावाच्या जनुकात बारीकसा बदल झालेला असतो. बहुतेक मुलांत तो आईतही नसतो नि बापातही नसतो, नव्यानेच घडलेला असतो. १९९६ साली असा नवा बदल असलेल्या ५७ मुलांमध्ये तो कुणाच्या बाजूने आला हे तपासलं गेलं. सत्तावन्नच्या सत्तावन्न वेळा बापाच्या. ज्या पेशींपासून शुक्राणू तयार होतात त्यांतल्या एखादीत हा बदल झाला, की ती इतरांपेक्षा जोमाने फोफावते. म्हणून बापाचं वय वाढतं तशी शक्यताही वाढते. मुलगी झाली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. आता यात मी काय काळजी घ्यायची होती? आणि मी घेऊ शकत नव्हतो, तर बायकोने कशी घ्यायची? बदल गर्भ राहण्याआधीच होऊन गेलेला असतो. तळहाताच्या चपट्या पंजातून बोटं सुटी होतात तीही साधारण आठव्या आठवड्यापर्यंत. तोवर कित्येकींना दिवस गेल्याची धड खात्रीही झालेली नसते.

दुसरं म्हणजे, लेखात सगळी जुळलेली बोटं एकाच माळेत ओवली आहेत. नुसती दोन बोटांमधली कातडी जुळलेली असणं हे साधारण दोन-तीन हजार जन्मांत एकदा दिसतं. अपर्ट ६५ हजार किंवा त्याहूनही जास्त जन्मांत एकदा. त्यात बोटं हा निम्माच भाग. कवटीचे सांधे वेळेआधी मिटतात, मेंदूला वाढायला जागा हवी म्हणून डोक्याचं ऑपरेशन बहुधा पहिल्या वर्षाच्या आसपासच करावं लागतं. चेहऱ्याचा मधला भाग आत दबलेला असल्याने झोपेत श्वास अडतो. आम्ही रात्री जागायचो ते बोटांसाठी नव्हे.

बोटांचं सांगायचं तर, मुलीच्या मधल्या तीन बोटांना मिळून एकच नख होतं, पट्टीसारखं आडवं. नेलकटरच्या तोंडात ते मावायचं नाही. बायको ती झोपल्यावर एका कडेने कुरतडल्यासारखं कापत दुसऱ्या कडेपर्यंत यायची. पुढे बोटं सोडवली, तीही एका फटक्यात नाही. एका बोटाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी उघडल्या तर रक्तपुरवठा तुटायची भीती असते, म्हणून एक फट या खेपेला, शेजारची पुढच्या खेपेला. उघड्या पडलेल्या जागी लावायला कातडी जांघेतून घेतली. पायांची बोटं तशीच ठेवली, चालायला त्यांचं अडत नाही. अडतं ते बुटांचं.

बोटं सुटली म्हणजे झालं, असं बघणाऱ्याला वाटतं. पण पेरं वाकत नाहीत. बोट मुळाशी वाकतं, पुढे काडीसारखं ताठ. मूठ वळत नाही. पेन्सिल ती पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात धरते आणि अक्षर माझ्यापेक्षा बरं काढते. गळ्याशी असलेलं बटण अजून बायको लावून देते. मीही देतो, पण मला वेळ लागतो अशी तक्रार असते.

मुलीला पुढे मुलं झालीच, तर प्रत्येक वेळी हा बदल उतरण्याची शक्यता निम्मी आहे. तेव्हाही कुणीतरी ‘काळजी घेतली नाहीस’ म्हणणारच. हल्ली ती पेपर वाचते. मथळ्यांपासून सुरुवात करते, मग आपल्या कामाचं काही आहे का ते शोधते. ती पुरवणी मी लपवून ठेवली आहे.

दुरुस्ती छापाल तर दोन ओळी पुरतील. मात्र लेख पुरवणीच्या पहिल्या पानावर होता, दुरुस्तीही तिथेच असू द्या.

आपला,
एक वाचक