उष्टावणाची खीर

कोथरूड, पुणे

ती. आई-बाबांस सा. नमस्कार,

बाबा, उंटिणीच्या दुधाच्या पावडरीचा डबा काल पोचला. आतली चिठ्ठी दोनदा वाचली. ‘चिऊच्या उष्टावणाची खीर यातच कर, हे तिला बाधणार नाही.’ डोळ्यांत पाणी आलं. पण डबा मी फोडलेला नाही. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितेय.

आपल्या चिऊसारख्या गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांना उंटिणीचं दूध चालतं, हे तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. गायीच्या दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन उंटिणीच्या दुधात नसतं, आईच्या दुधातही नसतं. केसीन हे दुधातलं दुसरं प्रथिनही बरंच वेगळं असतं. त्यामुळे गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना ते सोसतं. पण काहींना नाही सोसत, आणि आपली चिऊ त्यांतली आहे की नाही हे घरी खीर भरवून बघायची गोष्ट नाही.

शिवाय वर्षाच्या आत कुठल्याही जनावराचं दूध अंगावरच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही. त्यात प्रथिनं आणि क्षार जास्त असतात, कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि लोह फार कमी. आई, तू शेळीच्या दुधाचं म्हणत होतीस. शेळीची आणि म्हशीची प्रथिनं गायीसारखीच, त्यामुळे त्रासही तोच होतो.

तिसऱ्या महिन्यातली ती पहाट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पांढऱ्या दुपट्यावर शेंबडासारखी शी आणि तिच्यात लाल धागे. त्याआधी महिनाभर सगळे गॅसच म्हणत होते, मीही ग्राईप वॉटर पाजत राहिले. नंतर कळलं, मी प्यायलेल्या दुधातली प्रथिनं माझ्या दुधातून तिच्यापर्यंत पोचत होती. आई, बाळंतपणात तू मला रोज दूध-तूप दिलंस म्हणून हे झालं, असं पुन्हा मनात आणू नकोस. त्या जेवणानेच मी उभी राहिले.

आता माझं दूध, दही, तूप, पनीर सगळं बंद आहे. पावाच्या नि बिस्किटांच्या पुड्यावर ‘मिल्क सॉलिड्स’ दिसलं की परत ठेवते. कॅल्शियमची गोळी, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी. तिसऱ्या आठवड्यात शी स्वच्छ झाली, गालांवरचं खरखरीत लाल उतरलं.

ऑफिस सुरू झाल्यावर वरच्या दुधासाठी डॉक्टरांनी वेगळी पावडर लिहून दिलीय. तिच्यात गायीच्याच प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की बहुतेक बाळांचं शरीर ते ओळखत नाही. वास उग्र, किंमतही. ती महाग पडते म्हणूनच तुम्ही हा डबा शोधलात ना, बाबा? पैशांचं आम्ही बघतोय, खरंच.

बरीच मुलं तीन ते पाच वर्षांपर्यंत यातून बाहेर येतात. वर्षानंतर उंटिणीच्या दुधाचं डॉक्टरांना मी स्वतः विचारणार आहे. ते हो म्हणाले तर त्यांच्यासमोर, थेंबाथेंबाने.

म्हणून आत्ताचं उष्टावण नारळाच्या दुधातल्या मऊ भाताचं करू, साखर-गूळ न घालता. आई, येताना आपल्या परसातले दोन नारळ आण. पहिला घास बाबांनीच भरवायचा, चांदीच्या वाटीतून. शनिवारी दुपारच्या एसटीने निघा, मी स्वारगेटला येते.

तुमची,
ताई