बेरिंग समुद्रातला बर्फ हा अडथळा नाहीये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत बेरिंग समुद्रावर पानभर लेख आला, विषय घेतलात त्याबद्दल आधी थँक्यू, एरवी तिकडचं कोण छापतं. पण हेडिंगमध्ये 'बर्फाचं वाळवंट' आणि शेवटी काय, तर बर्फ कमी झाला की हा समुद्र मासेमारीला आणि जहाजांना 'मोकळा' होणार, जणू चांगलीच बातमी, ते वाचून राहवेना म्हणून लिहितोय. वरचा फोटोही चुकलाय, तो हिमनगाचा आहे. हिमनग म्हणजे जमिनीवरच्या हिमनदीचा तुटून आलेला गोड्या पाण्याचा तुकडा, आणि बेरिंगमधला बर्फ म्हणजे समुद्राचंच पाणी गोठून झालेला थर, जो हिवाळ्यात उत्तरेकडून पसरत येतो आणि उन्हाळ्यात पूर्ण वितळून जातो. दोन्ही एकच समजलं की पुढचं सगळं गणित चुकतं.

आधी जागा बघा. अलास्का आणि सायबेरियाच्या मधला, खाली अल्यूशियन बेटांच्या माळेने पॅसिफिकपासून वेगळा झालेला हा समुद्र. नैऋत्येला तळ साडेतीन हजार मीटरच्या खाली जातो आणि ईशान्येला मात्र दोनशे मीटरपेक्षा कमी खोलीचं भलंमोठं उथळ पठार आहे. बेरिंगची सामुद्रधुनी तर जेमतेम 50 मीटर खोल, हिमयुगात पाणी उतरलं तेव्हा तिथे चक्क जमीन होती.

त्या उथळ भागात बर्फ काय करतो ते बघण्यासारखं आहे. बर्फाच्या खालच्या बाजूला तपकिरी शेवाळ धरतं, वसंतात बर्फ वितळला की वर हलकं गोडं पाणी पसरतं, ऊन मिळतं आणि पाण्यात सूक्ष्म वनस्पतींचं नुसतं पीक येतं. पाणी इतकं गार असतं की ते खाणारे बारीक जीव तेव्हा पुरेसे नसतात, मग बरंचसं तसंच तळाला जाऊन बसतं, आणि त्यावर शिंपले, किडे, खेकडे पोसले जातात. वालरसच्या माद्या पिल्लांना घेऊन बर्फावर बसतात, खाली बुडी मारून शिंपले खातात, परत वर येतात, बर्फ सरकेल तशा नव्या जागी पोचतात. करडे देवमासे मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर पोहत येतात तेही या तळाच्या चिखलातलं खायलाच. वाळवंट म्हणायचं का याला?

आणि माझा मुख्य मुद्दा खेकड्यांचा, ज्यावर तुमच्या लेखात एक ओळही नाही. हिवाळ्यात बर्फ बनताना खाली जड, खारट, गार पाणी साचतं आणि वरचं पाणी उन्हाळ्यात तापलं तरी तळाला 2 अंशांच्या खालचा थर टिकून राहतो, शास्त्रज्ञ त्याला 'कोल्ड पूल' म्हणतात. स्नो क्रॅब नावाच्या खेकड्याची पिल्लं याच गारठ्यात वाढतात आणि त्यांना खाणारे कॉडसारखे मोठे मासे तिथे यायचं टाळतात, म्हणजे कुंपणच झालं ना हे. 2018 मध्ये समुद्रावरचा बर्फ विक्रमी कमी झाला आणि कोल्ड पूल जवळजवळ नाहीसाच झाला. पुढच्या तीनेक वर्षांत पूर्व बेरिंगमधले 10 अब्जांच्या वर खेकडे गेले. 2022 मध्ये अलास्काने स्नो क्रॅबचा सीझन इतिहासात पहिल्यांदा बंद ठेवला. 2023 मध्ये अभ्यास आला त्यात मुख्य कारण निघालं उपासमार, कारण पाणी तापलं की खेकड्याला जास्त खायला लागतं, आणि आधीच गर्दी खूप होती. 2024 मध्ये छोट्या कोट्यावर मासेमारी परत सुरू झाली, पण मधली दोन वर्षं बोटवाल्यांनी काय केलं असेल? समुद्र 'मोकळा' झाला तो असा.

माणसाने इथे आधीही घाई केलीय. 1741 मध्ये दर्यावर्दी व्हिटस बेरिंगचं जहाज एका बेटावर फुटलं, बेरिंग तिथेच वारला, आणि सोबतच्या श्टेलर नावाच्या निसर्गतज्ज्ञाने किनाऱ्याजवळ समुद्रवनस्पती चरणारी, दात नसलेली, आठेक मीटर लांबीची समुद्रगाय बघून लिहून ठेवली. 1768 पर्यंत शिकाऱ्यांनी ती संपवली. अवघी 27 वर्षं, बास.

जाताजाता एक. चष्मा लावल्यासारखा चेहरा असलेलं एक बदक आहे, स्पेक्टॅकल्ड आयडर, हिवाळ्यात ते कुठे गायब होतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. 1995 मध्ये बदकाला लावलेल्या ट्रान्समीटरचा सिग्नल धरून विमान गेलं तर बेरिंगमधल्याच सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेला, चहूकडे बर्फ आणि त्यातल्या भेगांमध्ये ही बदकं अक्षरशः खच्चून भरलेली, जगातली जवळपास सगळीच्या सगळी, खाली पन्नासेक मीटर बुड्या मारून शिंपले काढतायत.

पुढच्या वेळी हिमनगाऐवजी त्यांचा फोटो लावा, जमलं तर.

आपला,
एक नियमित वाचक