निष्कर्ष आधी आणि प्रयोग नंतर, हे कधी थांबणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सहावी ते आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवते म्हणून हे पत्र. पुस्तकात माहिती भरपूर असते, त्याबद्दल तक्रार नाहीये. तक्रार ही आहे की प्रयोगवहीत निष्कर्ष आधी उतरवला जातो, प्रयोग नंतर होतो, कधी होतही नाही, आणि तरी पूर्ण मार्क मिळतात. मग मुलांनी डोकं चालवायचं कुठे?

साधा लंबक घ्या. दोरी, खाली लोखंडी नट आणि मोबाईलचं स्टॉपवॉच, बास. एका झोक्याला (जाऊन परत येणं मिळून एक झोका) लागणारा वेळ कशावर ठरतो, वजनावर की दोरीच्या लांबीवर? मुलांना मोकळं सोडलं की हमखास दोरी पण लांब करतात आणि वजन पण वाढवतात, वेळ बदलला की खूश, वजनामुळे झालं म्हणून मोकळे. पियाजे आणि इनहेल्डर या मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात मुलांपुढे हाच लंबक ठेवला होता, आणि एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं हे साधारण अकरा-बारा वर्षांपासून जमायला लागतं असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे नेमकं याच वयात, आणि नीट शिकवलं तर त्याहून लहान मुलांनाही जमतं. पण शिकवायला तर हवं ना!

आता खरी मजा. वजन वाढवायचं म्हणून मुलं एका नटाखाली दुसरा, त्याखाली तिसरा असे बांधत जातात, वेळ थोडा वाढतो आणि सगळे ओरडतात की बघा, वजनामुळे फरक पडला. इथे सरळ उत्तर सांगून टाकलं तर तास वाया गेला असं मी म्हणेन. थांबायचं आणि विचारायचं, वजनाशिवाय अजून काय बदललं? कुणीतरी थोड्या वेळाने म्हणतंच की नट खाली खाली गेले म्हणजे लांबी पण वाढली, मग सगळे नट एकाच जागी बांधून परत मोजतात आणि फरक गायब होतो. दोरी मीटरभर असेल तर दहा झोक्यांना साधारण २० सेकंद, पाव मीटर केली तर १० सेकंद. आणि एखाद्याचे २१ आले तर त्यावर लाल पेन मारू नका प्लीज, नाहीतर पुढच्या वेळी तो न मोजताच २० लिहील, आणि खोटं रीडिंग लिहायला आपणच त्याला शिकवलेलं असेल.

लॉजिकचंही तसंच. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये लोकांना २, ४, ६ असे आकडे दिले, हे एका नियमात बसतात, तुम्ही वेगवेगळे आकडे द्या, ते नियमात बसतात की नाही मी सांगतो, त्यावरून नियम ओळखा म्हणाले. लोकांनी ८, १०, १२ असलं काहीतरी द्यायचं, हो बरोबर ऐकायचं, आणि दोन-दोनने वाढणारे आकडे असं ठोकून द्यायचं. नियम होता फक्त चढत जाणारे कोणतेही आकडे. १, २, ३ दिलं असतं तरी आपला अंदाज चुकलाय हे लगेच कळलं असतं, पण आपलं म्हणणं मोडेल असा आकडा देऊन बघायचं बहुतेकांना सुचतच नाही. वर्गात हा खेळ पाच मिनिटात होतो, खर्च शून्य, आणि व्हॉट्सअॅपवर आलेला मेसेज तपासायला हीच सवय लागते.

मुलांना हे झेपणार नाही म्हणणाऱ्यांना एमिली रोझाचं उदाहरण देईन. अमेरिकेतली ही मुलगी, शाळेच्या सायन्स प्रोजेक्टसाठी तिने हात न लावता शरीराभोवतीची ऊर्जा जाणवते असं सांगणाऱ्या २१ उपचारकांना पुठ्ठ्याच्या पडद्यातून दोन्ही हात पुढे करायला लावले, नाणं उडवून ठरेल त्या हाताच्या वर आपला हात धरला आणि विचारलं, कुठल्या हातावर आहे? २८० वेळा विचारून बरोबर उत्तरं १२३, म्हणजे ४४ टक्के. नुसता अंदाज केला तरी निम्मी बरोबर येतात! तो प्रयोग १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला तेव्हा ती ११ वर्षांची होती. पुठ्ठा आणि नाणं, दुसरं काही नाही.

तेव्हा अभ्यासक्रम आणि पेपर ठरवणाऱ्यांना कळकळीची विनंती, दर सत्रात एक तरी प्रयोग असा ठेवा ज्याचं उत्तर पुस्तकात छापलेलं नसेल, मार्क उत्तराला न देता मुलाने काय बदललं, काय तसंच ठेवलं आणि का, याला द्या. आणि पेपरात एक प्रश्न असाही येऊ दे की हे विधान खोटं असेल तर आपल्याला काय दिसायला हवं.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका