ट्रान्झिस्टर म्हणजे जोडलेले दोन डायोड नव्हेत : तुमच्या किटबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : शालेय इलेक्ट्रॉनिक्स किटच्या पुस्तिकेतील चुकीची माहिती व चुकीच्या आकृत्या

महोदय,

कोल्हापुरात राजारामपुरीत मी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग घेते. यातल्या बऱ्याच मुलांचे वडील उद्यमनगरातल्या कारखान्यांत कामाला आहेत. हाताने काहीतरी करून बघायची या मुलांना उपजत सवय आहे. सोबत मराठी पुस्तिका मिळते म्हणून मी मुद्दाम तुमच्या कंपनीची किट मागवली. रेझिस्टर, एलईडी, ब्रेडबोर्ड यांबद्दल माझे काही म्हणणे नाही, ते चांगले आहेत. तक्रार पुस्तिकेची आहे, आणि ती गंभीर आहे.

ट्रान्झिस्टरच्या धड्यात तुम्ही छापले आहे की, ट्रान्झिस्टर म्हणजे पाठीला पाठ लावून जोडलेले दोन डायोड, आणि ट्रान्झिस्टर हाताशी नसेल तर दोन डायोड जोडून काम भागते. यातले पहिले विधान अर्धवट आहे, दुसरे धडधडीत खोटे.

वर्गातल्या एका मुलाने हे वाचून तसेच केले. तुमच्याच किटमधला टाकी भरल्याची सूचना देणारा सर्किट त्याने घेतला, त्यातला बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर काढला आणि दोन १एन४००७ डायोड पट्टी नसलेल्या बाजूने एकमेकांना जोडून तिथे बसवले. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून तपासले, तर मधल्या जोडापासून दोन्हीकडे ०.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला. बीसी५४७ च्या बेसवर लाल पिन ठेवली की येतो तसाच. मग तारा पाण्यात बुडवल्या. एलईडी लागला नाही. "बाई, मीटर बरोबर दाखवतोय की, मग दिवा का लागंना?" असे तो विचारत राहिला. प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर तुमच्या पुस्तिकेत असायला हवे होते. ते नाही, म्हणून इथे लिहिते.

डायोडला दोन पाय आणि आत एकच पी-एन जोड, म्हणजे वेगवेगळी भेसळ केलेल्या सिलिकॉनच्या दोन थरांचा सांधा. प्रवाह ॲनोडकडून (पट्टी नसलेला पाय) कॅथोडकडे (पट्टीकडचा पाय) जातो, उलट दिशेने अडतो. वाटेत सिलिकॉनच्या डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. त्यात किती प्रवाह जावा हे बाहेरून सांगायला तिसरा पायच नाही. ट्रान्झिस्टरमध्ये एमिटर, बेस आणि कलेक्टर असे तीन थर एकाच सिलिकॉनच्या तुकड्यात असतात, आणि सगळी करामत मधल्या बेसमध्ये आहे. तो अतिशय पातळ असतो आणि त्यात भेसळद्रव्य अगदी कमी असते. एनपीएन प्रकारात (बीसी५४७ याच प्रकारातला) एमिटरमधून निघालेले बहुतेक इलेक्ट्रॉन बेसमध्ये विरून जाण्याआधीच पलीकडे कलेक्टरला पोचतात. त्यामुळे बेसमधल्या थोड्याशा प्रवाहावर कलेक्टरमधला कितीतरी मोठा प्रवाह हलवता येतो. बीसी५४७ मध्ये हे प्रमाण ११० पासून ८०० पर्यंत असते.

तुमच्याच सर्किटचा हिशेब करा. बॅटरी ९ व्होल्टची. पाण्यातल्या तारा बेसला जातात, एलईडी कलेक्टरकडे असतो. पाण्याचा रोध १०० किलोओहम धरला तर बेसला सुमारे ८३ मायक्रोअँपिअर मिळतात. एवढ्यावर एलईडी नीट उजळणार नाही. ट्रान्झिस्टरने त्याचे दोनशे पट केले तर १६ मिलिअँपिअरपर्यंत मजल जाते, आणि १ किलोओहमच्या रेझिस्टरमागे बसलेल्या एलईडीला लागतात जेमतेम ७. दोन सुट्या डायोडांमध्ये मात्र पाण्यातून आलेला प्रवाह एमिटरच्या जागच्या डायोडमधून सरळ निघून जातो. एलईडीकडचा डायोड उलटा बसलेला असतो, तो बंदच राहतो. दोन डायोडांमध्ये धातूची तार आहे, तिथून इलेक्ट्रॉन पलीकडच्या जोडात उडी मारू शकत नाहीत. मीटर फक्त जोड तपासतो, बेसची जाडी त्याला कळत नाही. म्हणून दोन्हीकडे आकडा तोच आणि काम वेगळे.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी होती. स्फटिकातून प्रवाह एकाच दिशेने जातो हे जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ मध्ये दाखवले. जगदीशचंद्र बोस यांना गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या डिटेक्टरचे (रेडिओलहरी ओळखणाऱ्या भागाचे) अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळाले. म्हणजे डायोडचे काम करणारे स्फटिक लोकांच्या हातात दशकानुदशके होते. दोन जोडून भागले असते तर अमेरिकेतल्या बेल लॅब या प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांना पहिला ट्रान्झिस्टर बनवायला डिसेंबर १९४७ उजाडावा लागला नसता.

आता आकृत्यांबद्दल. चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. तुम्ही एमिटर, बेस, कलेक्टर असे छापले आहे. हा क्रम २एन३९०४ चा आहे, आणि तो तुमच्या पाकिटात नाही. उलटा जोडल्यावर ट्रान्झिस्टरची वाढवण्याची ताकद फार घटते आणि एलईडी मिणमिणतो. मुलांना वाटते आपलेच काहीतरी चुकले.

रिलेच्या (तारेच्या कॉइलने चालणाऱ्या स्विचच्या) आकृतीत तर नुकसानच आहे. १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल ४०० ओहमची, म्हणजे ३० मिलिअँपिअर. बीसी५४७ ची मर्यादा १०० मिलिअँपिअरची, तिथपर्यंत ठीक. पण ट्रान्झिस्टर बंद होताच कॉइल उलट दाबाचा झटका देते, तो बीसी५४७ ला सोसणारे ४५ व्होल्ट सहज ओलांडतो. यासाठी कॉइलला समांतर एक डायोड लावतात, पट्टी धन बाजूकडे. तुमच्या आकृतीत तो नाही. पाकिटातले चारही १एन४००७ ब्रिजसाठी (एसीचे डीसी करणाऱ्या जोडणीसाठी) संपतात, पाचवा दिलेलाच नाही. रुपया-दोन रुपयांच्या या एका भागापायी माझ्या वर्गातले ट्रान्झिस्टर उडाले. डायोड आणि ट्रान्झिस्टर एकमेकांच्या जागी का चालत नाहीत आणि तरी एकमेकांना कसे सांभाळतात, हे शिकवायला याहून चांगला धडा नव्हता.

माझी मागणी अशी. दुरुस्त केलेली पुस्तिका माझ्यासह हे किट घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला विनामूल्य पाठवा. दोन डायोड जोडण्याचा सल्ला काढून टाका, आणि तो का चुकीचा आहे हे त्याच पानावर छापा. प्रत्येक किटमागे पाचवा डायोड आणि उडालेल्या ट्रान्झिस्टरांच्या बदली नवे द्या. नवी आकृती छापण्याआधी एखाद्या जाणकाराकडून ती ब्रेडबोर्डवर जोडून घ्या.

पत्रासोबत पावती आणि चुकीच्या पानांचे फोटो जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन.

आपली,
एक शिक्षिका
राजारामपुरी, कोल्हापूर