वारसाफेरी रोज हवी, मराठीतून हवी

मा. संपादक,

गेल्या महिन्यात एका लग्नानिमित्त अहमदाबादला जाणे झाले. आपल्याकडची मंडळी तिथे गेली की साबरमती आश्रम पाहतात, थोडी खरेदी करतात आणि परततात. आमचाही बेत तोच होता. यजमानांच्या आग्रहाखातर मात्र एका सकाळी कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून निघणाऱ्या, महापालिकेने १९९७ मध्ये सुरू केलेल्या वारसाफेरीत आम्ही सामील झालो. तिथून जुम्मा मशिदीपर्यंतच्या दोन-अडीच तासांच्या पायपिटीत जे हाती लागले, त्याविषयी हे पत्र आहे.

ही फेरी पोळांमधून, म्हणजे एकाच वेशीतून आत शिरणाऱ्या जुन्या वस्त्यांमधून जाते. कवी दलपतराम यांचा पुतळा त्यांच्या घराच्या जागी, ओट्यावर बसलेला आहे; चौथरा नाही, कुंपण नाही, त्यामुळे शेजारची मुले खुशाल त्यांच्या बाजूला जाऊन बसतात. दाट वस्तीत झाडांना जागा उरली नाही म्हणून पाखरांसाठी उभारलेले चबुतरे तर पोळापोळांत दिसतात. एका जुन्या घराच्या चौकात वाटाड्याने आम्हाला दोन पावले मागे सरकायला सांगितले आणि पायाखालचे झाकण दाखवले. त्याखाली टांके होते. छपरावरचे पावसाचे पाणी नळीवाटे त्यात उतरवायचे, पहिल्या पावसाचे पाणी मात्र वाहून जाऊ द्यायचे आणि उरलेले वर्षभर प्यायला वापरायचे, ही रीत त्या तरुणाने इतक्या आपुलकीने समजावली की आमच्यातल्या एका आजींनी वाकून त्या झाकणाला हात लावला. वाटाड्या सोबत नसता तर आम्ही सगळे त्यावरून चालत पुढे गेलो असतो.

त्या क्षणी मला माझे गाव, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), आठवले. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्या शहरात जमिनीखालून नहरीने पाणी खेळवले. मी इथे चाळीस वर्षे राहतो. पाणचक्की पाहुण्यांना कितीतरी वेळा दाखवली, पण ते पाणी कुठून निघते आणि कोणत्या वाटेने येते, हे प्रत्यक्ष जागेवर उभे करून मला कधी कोणी सांगितले नाही.

हौशी मंडळी आणि काही संस्था आपल्या शहरांत अधूनमधून अशा फेऱ्या काढतात, त्यांचे मोल मी जाणतो. पण शनिवार-रविवारच्या उत्साहावर चालणारा उपक्रम आणि वर्षानुवर्षे ठरल्या जागी, ठरल्या वेळी निघणारी फेरी यांत फरक आहे. अहमदाबादला जागतिक वारसा शहराचा मान २०१७ मध्ये मिळाला, भारतात सर्वप्रथम. त्याआधीची तब्बल वीस वर्षे तिथे लोकांना पोळांतून हिंडवले जात होते. आपल्याकडे आधी मानांकन मिळू दे, मग बघू, असा विचार होतो. तो मला उलटा वाटतो.

पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि आमचे संभाजीनगर येथील महापालिकांनी रोज सकाळची एक मराठी फेरी कायमस्वरूपी सुरू करावी, तिचे शुल्क माफक ठेवावे आणि जुन्या वस्तीतल्याच तरुण-तरुणींना वाटाड्ये म्हणून तयार करावे, अशी कळकळीची विनंती आहे. फेरी कुठून आणि किती वाजता निघते, याचा ठळक फलक रेल्वे स्थानकावर आणि बस स्थानकावर लावला, तर परगावच्या माणसाला कोणाला विचारत बसावे लागणार नाही.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर